आराखडा, यंत्र आणि मिस्त्रीची नजर
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सव हा कोणत्याही संस्थेच्या जीवनात हिशेब मांडण्याचा प्रसंग असतो. पन्नास वर्षांत काय उभे राहिले याची नोंद जशी घेतली जाते, तसाच पुढच्या पिढीच्या हाती काय सोपवावयाचे याचाही विचार होतो. करंजा, उरण, पनवेल या पट्ट्यातील घरांतून मुले-मुली आज वास्तुविद्येच्या शिक्षणासाठी नवीन पनवेल, मुंबई, पुणे येथील महाविद्यालयांत जातात. त्यांच्या बोलण्यात लेझर कटर, सीएनसी राउटर, थ्री-डी प्रिंटर असे शब्द येतात. घरातील वडीलधाऱ्यांना त्याचे कौतुक वाटते आणि थोडी शंकाही येते. पाच वर्षांचा अभ्यासक्रम, एवढा खर्च, आणि मूल सुट्टीत घरी येते ते प्लायवूडचे खाचे पाडलेले तुकडे घेऊन! हे शिक्षण आहे की खेळ, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हाच प्रश्न आहे.

प्रथम ही गोष्ट आहे तरी काय, ते पाहू. 'डिजिटल फॅब्रिकेशन' म्हणजे संगणकावर काढलेल्या आकृतीवरून यंत्राने थेट वस्तू घडविणे. तिचे तीन मुख्य प्रकार विद्यार्थ्याला शिकविले जातात. लेझर कटर प्रकाशाच्या तीव्र किरणाने पुठ्ठा, प्लायवूड किंवा ॲक्रिलिकचा पत्रा कापतो. सीएनसी राउटर फिरत्या पात्याने लाकूड वा दगड कोरतो. नको तो भाग काढून टाकून हवा तो आकार ठेवतो. थ्री-डी प्रिंटर याच्या उलट चालतो. तो वितळलेल्या प्लॅस्टिकचे थरावर थर रचतो. थर ०.२ मिलिमीटरचा असेल, तर दहा सेंटिमीटर उंचीच्या वस्तूला ५०० थर लागतात.

काढून टाकणे आणि भर घालणे या दोन्ही रीती मानवाला नव्या नाहीत. उरणच्या मोरा बंदरातून समोर दिसणारे घारापुरी बेट हे पहिल्या रीतीचे भव्य उदाहरण होय. सहाव्या शतकाच्या सुमारास कारागिरांनी तेथील काळा पाषाण आतून कोरीत नेला आणि स्तंभ, छत, मूर्ती हे सारे एकाच खडकातून मोकळे केले. तेथे एकदा चुकीचा पडलेला घाव परत घेता येत नव्हता. कुंभार मातीचे वळे एकावर एक रचून रांजण घडवितो, ती दुसरी रीत. यंत्राने या दोन्ही रीतींचा वेग वाढविला आणि बारकावा वाढविला. परंतु त्याने आणखी एक बदल घडविला, जो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही आणि शिक्षणाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

आजवर घर कसे बांधले जात होते, ते आठवावे. वास्तुरचनाकार कागदावर आराखडा काढी. तो आराखडा मिस्त्रीच्या हाती पडे. मिस्त्री ओळंबा सोडून पाही, गुण्या लावी, पाणसळ ठेवी आणि कागदावरील रेषेला जागेवरच्या वस्तुस्थितीशी जुळवून घेई. कागदावर दाराची चौकट नेमकी तीन फुटांची असे. पण भिंत अर्धा इंच कललेली असे, लाकूड पावसाळ्यात फुगणार असे, गिलाव्याची जाडी कोणी आराखड्यात धरलेलीच नसे. मिस्त्री हे सगळे मनात धरी आणि न बोलता दुरुस्ती करी. पुष्कळदा वास्तुरचनाकाराला आपली चूक झाली होती हे कळतही नसे. भारतातील कित्येक सुंदर इमारती अशा अबोल दुरुस्त्यांवर उभ्या आहेत.

काही थोर वास्तुरचनाकारांनी हे ओळखले होते. चार्ल्स कोरिया हे १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात नवी मुंबई घडविणाऱ्या सिडकोचे मुख्य वास्तुरचनाकार होते. पुढे १९८३ ते १९८६ या काळात त्यांनी बेलापूर येथे साकारलेली वसाहत, जिला लोक 'आर्टिस्ट व्हिलेज' म्हणून ओळखतात, ती पाहण्यासारखी आहे. लहान चौकांभोवती गुंफलेली ती घरे स्थानिक गवंड्याला सहज बांधता यावीत आणि कुटुंब वाढेल तशी वाढविता यावीत, अशा विचाराने आखलेली होती. नंतरच्या काळात रहिवाशांनी त्यांपैकी अनेक घरे बदलली, काही पुन्हा बांधली. आराखड्याने गवंड्याच्या आणि गृहस्थाच्या शहाणपणाला जागा ठेवली होती, म्हणून हे शक्य झाले.

संगणकनियंत्रित यंत्र मात्र मिस्त्री नाही. त्याला जी रेषा दिली, ती ते कापते. रेषा चुकीची असेल, तर चूकही अत्यंत अचूकपणे कापते. आराखडा आणि वस्तू यांच्यामध्ये उभा राहून चूक सावरणारा माणूस या व्यवस्थेत राहत नाही. मग ती दुरुस्ती कोणी करावयाची? उत्तर एकच आहे. जो आराखडा काढतो, त्यानेच. म्हणजेच मिस्त्रीला जे ठाऊक होते ते आता वास्तुविद्येच्या विद्यार्थ्याला ठाऊक असले पाहिजे. या शिक्षणाचा गाभा यंत्र चालविण्यात आहे, अशी समजूत सर्वत्र दिसते. यंत्र चालविणे काही दिवसांत येते. मिस्त्रीची नजर यायला वर्षे लागतात, आणि महाविद्यालयाने दिली पाहिजे ती हीच नजर.

या विषयाचा इतिहासही याच गोष्टीकडे बोट दाखवितो, आणि करंजासारख्या कोळ्यांच्या गावात तो सांगताना एक वेगळाच आनंद होतो, कारण त्याची सुरुवात होड्यांपासून आणि एका माशापासून होते. कोकण किनाऱ्यावर लाकडी होडी बांधणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या कागदावरील आराखड्याशिवाय काम करीत आले. कणा बसला की फासळ्यांचा बाक डोळ्याने ठरे, आणि त्या बाकावर फळी वळवून घेतली जाई. युरोपातील जहाजबांधणीत हाच बाक जमिनीवर पूर्ण आकारात रेखाटण्यासाठी लाकडाची लांब, लवचिक पट्टी वजनांनी दाबून धरीत. त्या पट्टीला 'स्प्लाइन' म्हणत. आज संगणकावर विद्यार्थी जी वक्ररेषा ओढतो, तिचे नावही स्प्लाइनच आहे. नाव तेच राहिले, लाकूड तेवढे निघून गेले.

यंत्राला आकड्यांनी हुकूम देण्याची कल्पना अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर विमाननिर्मितीच्या गरजेतून पुढे आली. १९५२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी या संस्थेत, आकड्यांवर चालणारे मिलिंग यंत्र जाहीरपणे दाखविण्यात आले. वास्तुकलेत हे तंत्र ठळकपणे आले ते आणखी चाळीस वर्षांनी. १९९२ साली स्पेनमधील बार्सिलोना येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा फ्रँक गेरी या वास्तुरचनाकाराने समुद्रकिनाऱ्यावर सोनेरी झाक असलेल्या धातूच्या पट्ट्यांचा एक प्रचंड मासा उभारला. तो सुमारे ५६ मीटर लांब व ३५ मीटर उंच आहे. त्याचा बाक साध्या आराखड्यात मावेना, म्हणून गेरींच्या कार्यालयाने फ्रान्समध्ये विमाने घडविण्यासाठी तयार झालेली 'कॅटिया' ही संगणकप्रणाली हाती घेतली. त्याच मार्गाने पुढे १९९७ मध्ये बिल्बाओ येथील गुगेनहाइम संग्रहालय पूर्ण झाले आणि जगभरच्या वास्तुविद्यालयांत या तंत्राची चर्चा सुरू झाली.

हे सारे दूरदेशीचे आणि श्रीमंतांचे, असे कोणी म्हणेल. परंतु या कथेचे पुढचे महत्त्वाचे पान महाराष्ट्रातील एका दुष्काळी खेड्यात लिहिले गेले. शिरूर तालुक्यातील पाबळ हे गाव समाजबांधवांना पद्ममणी तीर्थामुळे परिचित आहे. इतिहासप्रेमींना ते मस्तानीच्या कबरीमुळे ठाऊक असते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये येथेच विज्ञान आश्रमाची स्थापना केली. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविलेले आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात वरिष्ठ पदावर काम केलेले हे शास्त्रज्ञ. शाळा सोडावी लागलेल्या ग्रामीण मुलांना प्रत्यक्ष काम करता करता विज्ञान शिकविता येते, या श्रद्धेने त्यांनी सर्व सोडून पाबळची वाट धरली. तेथील मुले वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, शेती, वीजजोडणी अशी कामे गावासाठी करीत आणि त्या कामांतूनच गणित आणि विज्ञान शिकत.

इकडे एमआयटीमध्ये प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांनी १९९८ मध्ये '(जवळजवळ) काहीही कसे बनवावे' अशा नावाचा अभ्यासक्रम सुरू केला. मोजक्या विद्यार्थ्यांसाठी आखलेल्या त्या वर्गाला शंभराच्या आसपास विद्यार्थी आले. त्यांत अभियंते होते, तसेच कलावंत आणि वास्तुविद्येचे विद्यार्थीही होते. याच अनुभवातून लहान प्रयोगशाळांची, म्हणजे 'फॅब लॅब'ची कल्पना निघाली, आणि अमेरिकेबाहेरील अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये पाबळच्या विज्ञान आश्रमात सुरू झाली. गर्शनफेल्डांना पाबळमध्ये आढळले ते असे की, तेथील लोकांना यंत्राचे नवल कमी होते आणि त्यांच्याजवळ गरजांची यादी तयार होती. दुधाची प्रत मोजण्याचे साधन हवे होते, डिझेल इंजिनाची कार्यक्षमता तपासण्याचे साधन हवे होते. २००३ मध्ये डॉ. कलबाग यांचे निधन झाले. त्यांचे कार्य आश्रमाने पुढे चालू ठेवले.

वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यासाठी पाबळमध्ये आणखी एक धडा आहे. आश्रमाने लोखंडी अँगलचे त्रिकोण जोडून, त्यांवर जाळी बांधून व सिमेंटचा गिलावा देऊन उभारता येणारा घुमट विकसित केला. तो 'पाबळ डोम' म्हणून ओळखला जातो. अमेरिकेतील बकमिन्स्टर फुलर यांनी प्रसिद्धीस आणलेल्या रचनेचे हे खेड्याला परवडणारे रूप होय. अशा घुमटाचा सर्वांत सोपा अर्धगोलाचा प्रकार घेतला, तर त्याला एकूण ६५ दांड्या लागतात, आणि त्या फक्त दोन लांबींच्या असतात. त्रिज्येच्या ०.५४६५ पट लांबीच्या ३० आणि ०.६१८ पट लांबीच्या ३५. घुमटाची त्रिज्या तीन मीटर असेल, तर आखूड दांडी १.६४ मीटर व लांब दांडी १.८५ मीटर येते. संगणकाने ही लांबी क्षणात मिळते आणि यंत्र ती कापूनही देते.

मात्र येथेच विद्यार्थ्याची परीक्षा असते. तळाच्या वर्तुळात दहा लांब दांड्या येतात. प्रत्येक दांडी केवळ पाच मिलिमीटर आखूड झाली, तर ते कडे पाच सेंटिमीटरने आखूड होते आणि वरच्या दांड्यांची भोके आपापल्या जागी जुळत नाहीत. शिवाय लांबी मोजावयाची कोठून कोठपर्यंत? दांडीच्या टोकापासून टोकापर्यंत, की बोल्टच्या भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत? सूत्रातील आकडा हा सांध्याच्या मध्यबिंदूंमधील अंतराचा असतो. संगणकाच्या पडद्यावर रेषेला जाडी नसते, म्हणून हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. तो उद्भवतो ६५वी दांडी हातात घेऊन शिडीवर उभे राहिल्यावर. तो एक प्रसंग विद्यार्थ्याला वर्गातील दहा व्याख्यानांपेक्षा अधिक शिकवितो. कामातून शिक्षण हे जे कलबाग सांगत, त्याचा अर्थ हाच.

प्लायवूडच्या ज्या तुकड्यांबद्दल आरंभी उल्लेख झाला, त्यांचेही मोल आता ध्यानात येईल. लेझरचा किरण कापताना स्वतःच्या जाडीइतका पदार्थ जाळून टाकतो. ही वजावट मिलिमीटरचा एक-दोन दशांश भाग एवढीच असते. पण एकात एक बसणाऱ्या दोन तुकड्यांत ती धरली नाही, तर सांधा सैल होतो. बाजारात तीन मिलिमीटर म्हणून मिळणारे प्लायवूड मोजले तर नेमके तीन मिलिमीटर भरेलच असे नाही. म्हणून चांगला शिक्षक विद्यार्थ्याला प्रथम एक 'कंगवा' कापावयास लावतो. त्याचे खाचे एकापेक्षा एक किंचित रुंद असतात. कोणत्या खाचेत तुकडा घट्ट बसतो हे हाताने पाहावयाचे आणि तो आकडा मग आराखड्यात घालावयाचा. करंजासारख्या खाऱ्या, दमट हवेच्या ठिकाणी एक गोष्ट आणखी शिकता येते. मे महिन्यात अलगद बसणारा सांधा जुलैत बसत नाही. सुताराला हे कोणी सांगावे लागत नाही. तो लाकडाला श्वास घेण्यापुरती जागा ठेवूनच सांधा करतो. विद्यार्थ्याने एकच सांधा दोन ऋतूंत तपासला, तर तो हे कधी विसरणार नाही.

राउटरचेही असेच आहे. त्याचे पाते गोल फिरते, म्हणून खाचेचा आतला कोपरा काटकोनात कधीच कापला जात नाही. सहा मिलिमीटर व्यासाचे पाते असेल, तर कोपऱ्यात तीन मिलिमीटर त्रिज्येची गोलाई उरते. मग एक तर कोपऱ्यात जादा भोक पाडावे लागते, किंवा पटाशी घेऊन हाताने कोपरा साफ करावा लागतो. थ्री-डी प्रिंटरमध्ये थर एकमेकांना चिकटलेले असतात. ज्या दिशेने थर आहेत त्या दिशेने वस्तू सहज दुभंगते. आणि सुरक्षिततेचा एक नियम तर पहिल्याच दिवशी पाठ करून घ्यावा लागतो. पीव्हीसीचा पत्रा लेझरखाली कधीही ठेवू नये, कारण त्यातून घातक आम्लधूर निघतो. पदार्थाची ओळख नसलेला माणूस येथे स्वतःच्या आणि इतरांच्या आरोग्याशी खेळत असतो.

सभागृहात जवाहिराच्या व्यवसायातील अनेक मान्यवर असतील. त्यांना हे सर्व आपल्या परिचयाचेच वाटेल. मुंबईच्या झवेरी बाजारात आणि अंधेरीच्या सीप्झमध्ये आज दागिन्याचा नमुना संगणकावर तयार होतो, यंत्र मेणासारख्या पदार्थात तो छापून देते आणि त्यावरून सोन्याचे ओतकाम होते. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून नमुना किंचित मोठा ठेवावा लागतो. हिऱ्याचा नख पकडण्यापुरती जागा, पॉलिशमध्ये झिजणारा भाग, हे सर्व आधीच धरावे लागते. पटलावर बसून ज्याने दागिना घडविला आहे, त्याच्या हाती संगणक आला तर काम उत्तम होते. ज्याने केवळ संगणक शिकला आहे, त्याचा नमुना पडद्यावर मोहक दिसतो आणि कारखान्यातून परत येतो. पेढीवर बसलेल्यांना हा फरक तोट्याच्या रूपाने कळतो. विद्यार्थ्याला तो शिक्षणाच्या रूपाने कळावा.

मंदिरनिर्मितीतही हेच घडत आहे. राजस्थानातील संगमरवराच्या आणि पाषाणाच्या कार्यशाळांत संगणकनियंत्रित यंत्रे आली आहेत. एकाच नक्षीचे शंभर खांब घडवावयाचे असतील, तर ढोबळ कोरीवकाम यंत्राने होते आणि वेळ वाचतो. परंतु वरून खाली येणारे साधे यंत्र नक्षीच्या मागे वळून आत शिरू शकत नाही; तो पोकळ भाग छिन्नीनेच सोडवावा लागतो. दगडातील बारीक चीर यंत्राला दिसत नाही. शिल्पी दगडावर टकटक करून त्याचा नाद ऐकतो आणि मगच हत्यार लावतो. चौदाव्या शतकात दिल्लीत अल्लाउद्दीन खिलजीच्या काळात राजसेवेत असलेल्या ठक्कुर फेरू या जैन विद्वानाने रत्नांवर, नाण्यांवर आणि गणितावर ग्रंथ लिहिले. त्याच्या 'वास्तुसार' या प्राकृत ग्रंथात (इ.स. १३१५) गृह आणि प्रासाद यांच्या जोडीने बिंबाच्या परीक्षेलाही स्वतंत्र प्रकरण आहे. रत्नाची परीक्षा, नाण्याची परीक्षा आणि बिंबाची परीक्षा करणारी ही एकच दृष्टी होती. घडविण्याआधी पारखावे, हा त्या दृष्टीचा क्रम यंत्रयुगातही तसाच लागू आहे.

यंत्र आता दागिन्यापुरते आणि नक्षीपुरतेही राहिलेले नाही. २०२१ मध्ये चेन्नईच्या आयआयटी मद्रासच्या परिसरात तेथील माजी विद्यार्थ्यांनी काढलेल्या 'त्वस्त' या कंपनीने सुमारे ६०० चौरस फुटांचे छापील घर उभारले. ऑगस्ट २०२३ मध्ये बंगळुरूच्या केंब्रिज लेआउट भागात लार्सन अँड टुब्रो कंपनीने आयआयटी मद्रासच्या मार्गदर्शनाखाली काँक्रीट छापून बांधलेल्या टपाल कार्यालयाचे उद्‌घाटन झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे एक हजार चौरस फूट, आणि बांधकामाला सुमारे दीड महिना लागला. या यंत्राला लागणारे काँक्रीट नळीतून वाहण्याइतके पातळ आणि बाहेर पडताच वरचा थर पेलण्याइतके घट्ट असावे लागते. हा समतोल हवेच्या उष्णतेप्रमाणे आणि ओलाव्याप्रमाणे बदलतो. चुन्याचा घाणा फिरविणारा गवंडी नेमके हेच डोळ्याने आणि बोटाने जोखीत असे.

एका प्रश्नाला मात्र सामोरे गेले पाहिजे. या यंत्रांमुळे कारागिराची भाकरी जाणार नाही काय? काही कामे जातील, हे लपविण्यात अर्थ नाही. एकसारखी पुनरावृत्ती असलेले काम यंत्राकडे जात आहे आणि जात राहील. म्हणूनच कारागिराजवळ जे पुनरावृत्तीपलीकडचे ज्ञान आहे त्याला शिक्षणात प्रतिष्ठेचे स्थान मिळणे अगत्याचे आहे. आज महाविद्यालयांत यंत्रासाठी लाखो रुपयांची तरतूद होते. मिस्त्रीला मात्र फार तर एखाद्या दिवशी प्रात्यक्षिकासाठी बोलावले जाते, आणि चहा देऊन निरोप दिला जातो. हा क्रम बदलावा लागेल. ज्या प्रयोगशाळेत राउटर आहे, तेथे सुतार हा शिक्षक म्हणून, सन्मानाने, योग्य मानधनावर आणि विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर मत नोंदविण्याच्या अधिकारासह उभा असावा.

या कामाची सुरुवात याच किनाऱ्यावर होऊ शकते. फायबरच्या होड्या आल्यापासून लाकडी होडी बांधण्याचे ज्ञान ओसरू लागले आहे. वयोवृद्ध कारागीर आहेत तोवर वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांनी करंजाच्या बंदरात यावे, एखादी जुनी लाकडी होडी आतून-बाहेरून मोजावी, संगणकावर तिचा बाक उतरवावा, राउटरवर तिची छोटी प्रतिकृती कापावी आणि ती त्या कारागिराच्या हातात द्यावी. बाक कोठे चुकला हे तो बोट फिरवून सांगेल. ती दुरुस्ती, आणि ती तशीच का, हे विद्यार्थ्याने त्याच्याच शब्दांत, त्याच्या नावासह लिहून ठेवावे. जगभर पसरलेल्या 'फॅब अकादमी'च्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला आपले प्रत्येक आठवड्याचे काम, त्यातील चुकांसह, सर्वांना पाहता येईल असे नोंदवावे लागते. तीच पद्धत येथे मराठीतून अवलंबता येईल. अशा उपक्रमाला मोठे भांडवल लागत नाही. कारागिराचे मानधन, विद्यार्थ्यांचा जाण्या-येण्याचा व राहण्याचा खर्च आणि थोडे लाकूड एवढेच लागते. शिष्यवृत्त्या देणाऱ्या सामाजिक संस्थांनी गुणवंत विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीशेजारी कारागिराच्या मानधनाचीही एक ओळ आपल्या अंदाजपत्रकात घातली, तर तो खर्च वाया जाणार नाही.

पालकांसाठी एक व्यावहारिक सूचना सांगून हे व्याख्यान पूर्ण करणे उचित ठरेल. महाविद्यालय निवडताना तेथे कोणती यंत्रे आहेत हे अवश्य विचारावे. त्याबरोबरच पहिल्या वर्षाचा विद्यार्थी स्वतःच्या हाताने काय बनवितो, त्याने बनविलेली वस्तू मोडल्यावर ती पुन्हा तपासली जाते की फेकली जाते, आणि प्रयोगशाळेत कारागीर शिकवितो की नाही, हेही विचारावे. आणि मूल प्लायवूडचे तुकडे घेऊन घरी आले, तर ते जोडून पाहण्यास सांगावे. सांधा सैल असेल, तर का, असे विचारावे. त्याचे उत्तर ज्याला नीट देता येते, त्याने काढलेल्या आराखड्यावर घर बांधावयास हरकत नाही.